एस.टी.च्या वर्कशॉपमधल्या आमच्या काकांना

तीर्थस्वरूप काका,
सा. नमस्कार.

त्या रात्री तुम्ही पैसे घेतले नाहीत. "उद्या अण्णांना वेळेवर ने" एवढंच म्हणालात आणि काळोखातून घरी गेलात. समोर आभार मानायला लागलं की तुम्ही विषय बदलता, म्हणून हे चारचौघांत लिहितोय.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता अण्णांना मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी चिपळूणला पोचवायचं होतं. गुहागरहून पंचेचाळीसेक किलोमीटर. आमच्या मारुती ८००चा स्टार्टर, म्हणजे इंजिन चालू करणारी मोटर, आठवडाभर नुसता 'टक्' करत होता, म्हणून मी दुरुस्त केलेला दुसरा आणला आणि दुपारी स्वतःच बसवला. बॅटरीची निगेटिव्ह वायर आधी काढली, सगळ्यात शेवटी लावली. इथवर सगळं रीतसर झालं होतं. आतला दिवा लागला. मग चावी फिरवली, एकदाच 'टक्' झालं आणि गाडी मेली. दिवा नाही, हॉर्न नाही, डॅशबोर्डवरचा लाल ठिपकासुद्धा नाही.

मला वाटलं, नव्या स्टार्टरमध्ये शॉर्ट आहे आणि वायरिंग जळलं. सगळे फ्यूज काढून पाहिले, एकही उडालेला नव्हता. व्होल्ट मोजायचा मल्टिमीटर बॅटरीला लावला तर १२.५ व्होल्ट. बॅटरी चांगली, फ्यूज चांगले, मग करंट गेला कुठे? संध्याकाळी सात वाजता मी पुन्हा स्टार्टर उतरवायला गाडीखाली शिरत होतो, तेव्हा आईने तुम्हाला बोलावून आणलं.

तुम्ही पाना हातात घेतला नाहीत. आधी विचारलंत, "शेवटचा हात कुठे लावलास?" मी म्हटलं, निगेटिव्हला. "मग आधी तिथे बघू."

हेडलाइटचा स्विच चालू ठेवायला सांगितलात. मीटरची एक काडी बॅटरीच्या शिशाच्या खांबावर आणि दुसरी त्याच खांबावर आवळलेल्या क्लॅम्पवर, म्हणजे वायरच्या टोकाच्या पकडीवर. मी म्हणालो, काका, दोन्ही निगेटिव्हच आहेत, शून्यच येणार. तुम्ही मीटर माझ्याच हातात दिलात. आकडा आला ११.९ व्होल्ट. एकमेकांना चिकटून बसलेल्या दोन धातूंच्या मध्ये बॅटरीचा जवळजवळ सगळा दाब अडकून बसला होता, आणि मी दुपारपासून तो गाडीभर शोधत होतो.

मग दिवा आधी लागला कसा, हे मी विचारलं, आणि तुम्ही अंगणातल्या पायरीवर बसून सांगितलंत ते मला शब्दाशब्दाने आठवतंय. आतला बल्ब ५ वॅटचा, त्याला अर्धा अँपिअरही लागत नाही, तो खराब जोडातूनही पेटतो. स्टार्टर सुरुवातीला शंभर अँपिअर आणि त्याच्याही वर ओढतो. जोडात ओहमचा विसावा भाग जरी अडथळा असला तरी शंभर अँपिअरला पाच व्होल्ट तिथेच संपतात, आणि त्या उष्णतेने उरलासुरला स्पर्शही सुटतो. "नुसता व्होल्ट बघू नकोस, भार टाकून व्होल्ट बघ." तुमच्या चोवीस व्होल्टच्या गाड्यांवर तुम्ही हेच वर्षानुवर्षं केलंत.

क्लॅम्प काढल्यावर आत पांढरट थर निघाला. आपल्याकडची खारी हवा आणि बॅटरीची वाफ, दोन्हींचं काम. मी क्लॅम्प काढून न पुसता तसाच परत बसवला होता. बोल्ट घट्ट होता म्हणून मला शंकाच आली नव्हती; पण क्लॅम्पची दोन टोकंच एकमेकांना टेकली होती, त्यामुळे बोल्ट कितीही आवळला तरी खांबाला पकड येत नव्हती. हे तुम्ही दाखवलं नसतं तर घासूनपुसूनही तो जोड ढिलाच राहिला असता. तुम्ही हॅक्सॉ ब्लेडने ती फट थोडी वाढवलीत. कोमट पाण्यात आईच्या डब्यातला खायचा सोडा घालून थर धुतला, थेंबही बॅटरीच्या बुचांत जाऊ दिला नाहीत. पुसून कोरडं केलं, खांब आणि क्लॅम्प चकचकीत होईपर्यंत पॉलिशपेपर फिरवला, आवळलं, आणि मग वरून व्हॅसलीन. व्हॅसलीन आधी लावायचं नाही, हेही तेव्हाच कळलं.

चावी मला फिरवायला लावलीत. इंजिन पहिल्या झटक्यात लागलं. तरी तुम्ही थांबलात. गाडी बंद करून पुन्हा तीनदा स्टार्टर मारायला लावलात आणि दर वेळी त्याच जोडावर मीटर धरलात. ०.१ व्होल्टच्या वर आकडा गेला नाही, तेव्हा हात धुवायला उठलात.

त्या रात्री मी घाबरलो होतो, काका. अण्णांची तारीख चुकली असती तर पुढची मिळेपर्यंत ते पुन्हा भिंतीला हात लावत चालले असते. तुमचं तासाभराचं काम माझ्यासाठी एवढं होतं. शिवाय तुम्ही मला बाजूला सारून काम उरकलं नाहीत, मीटर माझ्या हातात ठेवलात.

आम्ही पावणेआठला दवाखान्यात होतो. दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली. घरी येताना अण्णांनी वाटेतल्या एस.टी.ची पाटी मला वाचून दाखवली.

तुम्ही सांगितल्याप्रमाणे नवा क्लॅम्प आणलाय. रविवारी सकाळी बसवतो. तुम्ही फक्त खुर्चीवर बसून बघा, चुकलो तर सांगा.

तुमचा,
खालच्या आळीतला