गोकाकच्या अक्कांना, निपाणीहून

अक्का, नमस्कार.

हे पत्र चारचौघांत लिहितोय. तुम्हाला एकटीला लिहिलं असतं तर "त्यात आभार कसले" म्हणून तुम्ही बोलणं लगेच मण्यांवर नेलं असतं.

आमच्या निपाणीत तंबाखूचं वेड असलेल्याला कुणी काही म्हणत नाही. मण्यांचं वेड म्हटलं की घरातलेच हसतात. "बांगड्या कधी भरतोस?" हे मेहुण्यानं मला किती वेळा विचारलंय! म्हणून आज्जीची तपकिरीची डबी मी कपाटात, कपड्यांच्या मागे ठेवायचो. तिच्यात आज्जीच्या तुटक्या माळेतले 19 लाल मणी, अजून दोऱ्यातच. मणी जमवणारी तुम्ही मंडळी मोबाईलवर एकमेकांना फोटो दाखवता हे कळल्यावर मी पहिला फोटो त्यांचाच पाठवला, आणि ऐटीत लिहिलं, "खंबायतचा अस्सल अकीक." म्हणजे गुजरातेतल्या खंबायतचा तो लाल दगड.

पहिलं उत्तर तुमचं, कन्नडमध्ये. "भाळ चलो ऐती!" म्हणजे फार छान आहे. आणि त्याखाली मराठीत, "एक मणी उन्हात धरून फिरवून बघा की."

बघितला. पोटावरून एक बारीक रेघ गेलेली. साच्यात दाबलेल्या काचेची शिवण. म्हणजे काचच! फोटो काढून टाकावा आणि गुपचूप पळावं, एवढंच मनात आलं. इतक्यात तुमचा निरोप, की युरोपात बोहेमियातल्या कारागिरांनी आफ्रिकेच्या बाजारासाठी खंबायतच्या अकिकाची नक्कल काचेत केली होती, तेव्हा फसणाऱ्यांत तुम्ही काही पहिले नव्हे. आणि लगेच प्रश्न, "माळ ओवली कुणी?"

हे मला आजवर कुणी विचारलं नव्हतं. मण्याची किंमत विचारणारे पुष्कळ भेटले. मी सांगितलं, आज्जीनं सौंदत्तीच्या जत्रेत घेतली, पटवेकऱ्याकडून, म्हणजे माळा ओवून देणाऱ्याकडून, ओवून. तुम्ही दोऱ्याचा जवळून फोटो मागितलात. प्रत्येक मण्यानंतर गाठ होती. माळ तुटली तरी सगळे मणी सांडू नयेत म्हणून मारलेली. हे 19 मणी माझ्यापर्यंत आले ते त्या पटवेकऱ्यामुळे, हे तुम्ही दाखवलंत तेव्हा कळलं. डबी इतकी वर्षं माझ्याच कपाटात होती!

मग शिकवणी सुरूच झाली. ओढलेल्या काचेच्या मण्यात बुडबुडे वेजाच्या, म्हणजे मण्याच्या भोकाच्या, दिशेनं लांबट होतात, सळईवर गुंडाळलेल्यात वेजाभोवती फिरतात. अकीक भाजला की लाल होतो. एक दिवस पोस्टानं पुडी आली, आत एक लांबट, खरा खंबायती मणी आणि चिठ्ठी, "वेजात काडी घालून बघा." घातली तर मध्येच किंचित अडली. कारागिरानं दोन्ही टोकांकडून भोक पाडत आणायचं, मध्ये दोन्ही भोकं भेटतील तिथं भेटतील. त्या अडकण्यावर मी अख्खी संध्याकाळ घालवली.

एक गंमत राहिलीच. आपल्याकडे दुकानाच्या पाटीवरच्या अक्षरांवरून डोकी फुटायची वेळ येते, आणि इथं तुम्हीही मणीच म्हणता, आम्हीही मणीच. सर तुमचाही, आमचाही. काळ्या मण्यांना तेवढं तुम्ही करिमणी म्हणता. आता मीही म्हणतो. बायकोला आधी वाटलं, मी कुणा बाईचं नाव घेतोय.

तर अक्का, तुमचे आभार. काचेला काच म्हणालात त्याबद्दलही, पण जास्त त्या एका प्रश्नाबद्दल.

भारत हुण्णिमेला, म्हणजे आमच्या माघी पौर्णिमेला, सौंदत्तीला येतोय. डबी घेऊन. तुमच्या ओळखीचा पटवेकरी अजून बसत असेल तर सांगून ठेवा. रेशीम मी आणतो. मणी काचेचे आहेत हे त्याला आधीच सांगा, आणि गाठ प्रत्येक मण्यानंतर हवी.

तुमचा,
निपाणीचा डबीवाला