बाकडं मोडलं, पण कोणाचं?

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

कालच्या पुरवणीत बँकरप्ट या शब्दाची जन्मकथा वाचली आणि चहा गार झाला. बँक फुटली म्हणून बँकरप्ट, असं तुमच्या लेखकांनी ठोकून दिलंय. अहो, उलटं आहे ते! बँक हा शब्दच मुळात बाकड्यावरून आलाय. इटलीत सराफ चौकात बाकडं टाकून त्यावर नाणी मांडून बसायचे, त्या बाकड्याला बांका म्हणायचे, आणि बांका रोत्ता म्हणजे मोडलेलं बाकडं. सोळाव्या शतकात हा शब्द इंग्रजांनी उचलला आणि त्याच्या शेपटीला लॅटिनमधला रप्ट, म्हणजे मोडलेलं, चिकटवला, एवढीच गोष्ट. ग्रीसमध्ये तर बँकेला आजही त्रापेझा म्हणतात, म्हणजे टेबल. बुडालेल्या सराफाचं बाकडं लोक खरंच फोडायचे ही कथा झकास आहे, पण तिला पुरावा फारसा नाही. आपणही धंदा मोडला म्हणतो, म्हणून कोणी हातोडा घेऊन येत नाही.

हे एक वेळ सोडून दिलं असतं. पण शेवटी चौकटीत काय, तर 'मराठीत याला चपखल शब्द नाही'. नाही? मग दिवाळं काय आहे? दरवर्षी 'ऐन दिवाळीत दिवाळं' हे हेडिंग तुम्हीच छापता ना? आमचे आजोबा सांगायचे, व्यापारी बुडाला की भरदिवसा दुकानात दिवा लावून ठेवायचा, ज्यांचं देणं आहे त्यांनी तो बघून काय ते समजायचं. खरं-खोटं देव जाणे, पण निदान दिवा तरी तो स्वतः लावायचा.

आमच्या आत्याचे 2 लाख 40 हजार एका पतसंस्थेत होते (नाव लिहीत नाही, तुम्ही छापणार नाही). ना दिवा, ना बाकडं. एक दिवस शटरवर कागद, 'तांत्रिक कारणास्तव व्यवहार बंद'. आत्या रोज दहा वाजता पासबुक घेऊन जायची आणि त्याच कट्ट्यावर बसून अकराला परत यायची, असं सव्वा वर्ष. बँकेत असते तर 5 लाखांपर्यंत विमा असतो, पतसंस्थेला तो नसतो, हे तिला शटर पडल्यावर कळलं. चेअरमनच्या घरी गेलं की आतून टीव्हीचा आवाज आणि बाहेर 'साहेब बाहेरगावी गेलेत'.

इंग्लंडात 1542 साली, आठव्या हेन्रीच्या काळात, बँकरप्टांवर पहिला कायदा झाला. त्यात दुसऱ्याचा माल घशात घालून परागंदा होणारे किंवा घराचं दार लावून बसणारे असंच वर्णन आहे, आणि अशाला सरळ गुन्हेगार धरलंय. मी ते वाचलं तेव्हा आमचे चेअरमनच डोळ्यापुढे आले. आपल्याकडे देणं फेडता न येणाऱ्याला कोर्टात नादार म्हणायचे, त्यासाठी मुंबईसाठी 1909 चा कायदा होता, बाकी मुलखासाठी 1920 चा. म्हणजे मराठीत एक सोडून दोन शब्द निघाले की नाही? बट्ट्याबोळ, धूळधाण वगैरे तर मी मोजतच नाहीये. आणि या सगळ्यात आमची संस्था अजून कागदोपत्री बुडालेलीच नाही हं, नादार बिदार काही नाही, ती फक्त 'तांत्रिक' आहे.

लेखक विद्वान असतील, त्यांच्याबद्दल आदरच आहे. पण छापण्याआधी कोणी वाचतं का हो तुमच्याकडे?

जाता जाता, गेले तीन रविवार पुरवणीची मधली पानं गायब असतात, 2 नंतर थेट 7. कालच्या लेखाचा शेवट मला शेजाऱ्यांकडून अंक मागून आणून वाचावा लागला. नसता आणला तर बरं झालं असतं.

आपला,
एक जुना वर्गणीदार, सातारा