सृष्टीच्या कथा विज्ञानाच्या तासाला नकोत

मुलांना सृष्टीच्या उत्पत्तीच्या धार्मिक कथा शाळेत सांगाव्यात, याला माझा विरोध नाही. ऋग्वेदातले नासदीय सूक्त, बायबलमधले सहा दिवस, आदिवासींच्या कथा हे सारे भाषेच्या किंवा इतिहासाच्या तासाला जरूर यावे. 'हे कोठून झाले, कोण जाणतो?' असे विचारणारे नासदीय सूक्त तर मुलांना फार आवडेल. पण विज्ञानाच्या तासाला पुरावा लागतो, श्रद्धा नव्हे. अमेरिकेत डोव्हर येथील शाळांत जीवशास्त्राच्या तासाला 'सजीव कोणा बुद्धिमान कर्त्याने रचले' ही कल्पना आणण्यावरून खटला झाला, त्यात २००५ साली न्यायालयाने हाच भेद स्पष्ट केला.

आपल्याकडे उलटीच काळजी आहे. २०२३ मध्ये एनसीईआरटी या शालेय पुस्तके तयार करणाऱ्या केंद्रीय संस्थेच्या दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांती वगळली गेली. ताण कमी करण्याचे कारण दिले गेले, ते पटत नाही. अकरावीत जीवशास्त्र न घेणाऱ्या मुलाला डार्विन मग भेटणार कधी? १,८०० हून अधिक वैज्ञानिक व शिक्षकांनी निषेधाच्या पत्रावर सह्या केल्या होत्या. आपल्या राज्य मंडळाने दहावीला 'आनुवंशिकता व उत्क्रांती' हा धडा ठेवला, याचे मला मनापासून समाधान वाटते. नव्या अभ्यासक्रमातही त्याला हात लावू नये, ही शिक्षणमंत्र्यांना कळकळीची विनंती.

– एक निवृत्त विज्ञान शिक्षिका, सातारा