बाबांच्या कानांविषयी

प्रिय आई, बाबा,

आईचा मेसेज वाचला. बाबा, तुम्ही मित्रांमध्ये जाऊन बसणं सोडलंत, फोन वाजला की तो आईच्या हातात देता, आणि श्रवणयंत्र आणल्यापासून डबीतच आहे. आई, कळवलंस ते बरं केलंस. मला स्वतःला लहानपणापासून ऐकू येत नाही, हा विषय मला आतून माहीत आहे, म्हणून फोनवर जमणार नाही ते सविस्तर लिहिते.

बाबा, वय वाढतं तसे वरच्या पट्टीतले आवाज आधी जातात. स, श, फ यांसारखी व्यंजनं त्याच पट्टीतली. आ, ओ, ऊ हे स्वर खालच्या पट्टीतले. म्हणून आवाज येतो पण शब्द लागत नाही, आणि वाटतं की हल्ली सगळेच पुटपुटतात. कुणी ओरडून बोललं तर गोंगाट तेवढा वाढतो. याचा तुमच्या बुद्धीशी काहीही संबंध नाही. तुम्ही एकटेही नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते साठीपुढच्या दर चार माणसांत एकाहून अधिक जणांची ऐकण्याची अडचण रोजच्या जगण्यात आड येण्याइतकी असते.

तरीही तुम्ही गप्पांतून का उठलात ते मला कळतं. सगळे हसले की आपणही हसायचं, प्रश्न निसटला की नुसती मान डोलवायची, आणि ती चुकीच्या जागी डोलली की समोरच्याच्या चेहऱ्यावर येणारा तो भाव बघायचा. रात्री डोकं दुखतं ते त्यानेच. मी लहानपणापासून हेच करत आले.

आई, तू माझं बोट तुझ्या नाकावर ठेवून मला 'प' आणि 'म' शिकवलेस. ओठांवर दोन्ही सारखेच दिसतात, पण 'म' म्हणताना नाक थरथरतं. त्या मेहनतीमुळे मी आज बोलते आणि त्याबद्दल तुझी ऋणी आहे. पण त्याच्या जोडीने आणखी काही माझ्यात उतरलं. केस कानांवरून पुढे घ्यायचे. चारचौघांत हातवारे करायचे नाहीत. कळलं नाही तरी कळल्यासारखं वागायचं. खुणा शिकली तर पोर बोलणार नाही, असं तज्ज्ञांनीच तुम्हाला बजावलं होतं. तुम्ही त्यांचं ऐकलंत, यात तुमचा दोष नाही. ही समजूत जुनी आहे. १८८० मध्ये मिलानला कर्णबधिरांच्या शिक्षकांची परिषद भरली. जवळजवळ सगळे प्रतिनिधी ऐकू येणारे होते आणि त्यांनी ठराव केला की शाळांतून खुणांची भाषा काढावी, फक्त बोलणं शिकवावं. मग किती शाळांत मुलांना हात बांधून बसावं लागलं! त्याच परिषदेच्या परंपरेतल्या मंडळींनी व्हँकुव्हरला तो ठराव नाकारला आणि खेद व्यक्त केला, तेव्हा २०१० साल उजाडलं होतं.

मोठी झाल्यावर मी खुणांची भाषा शिकले. विनोद सांगितला जात असतानाच तो मला समजला, सगळ्यांबरोबर, तेव्हा मला किती मोकळं वाटलं हे तुम्हाला आजवर नीट सांगितलं नव्हतं. मी 'बधिर आहे' असं म्हणते तेव्हा तुम्हा दोघांचे चेहरे पडतात. माझ्यासाठी ती माझी भाषा आहे, माझी माणसं आहेत. संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या करारातही बधिर समाजाच्या भाषिक आणि सांस्कृतिक ओळखीचा स्पष्ट उल्लेख आहे.

अमेरिकेच्या किनाऱ्याजवळ मार्थाज् व्हिनयार्ड नावाचं बेट आहे. एकोणिसाव्या शतकात तिथल्या चिलमार्क गावात साधारण पंचविसांत एक जण जन्मतः बहिरा होता. बाहेरून फार कुणी येत नसे, लग्नं आपसांत होत, त्यामुळे बहिरेपणा पिढ्यान् पिढ्या चालत राहिला. पण तिथे ऐकू येणारी माणसंही खुणांनी बोलत. मासेमारीच्या होड्यांवरून एकमेकांना खुणा करत, सभेत करत, शेजारणी अंगणातून करत. बहिरी माणसं शेती करत, मतदान करत, संसार करत. त्यांच्या कानांत काहीच बदललं नव्हतं. भोवतालच्यांनी एक भाषा जास्त शिकली होती, एवढंच. माझ्या आयुष्यातल्या किती अडचणी कानांच्या आणि किती लोकांच्या सवयींच्या, हा हिशेब मी त्या बेटाबद्दल वाचल्यावर मांडायला लागले.

सगळंच लोकांवर ढकलता येत नाही, हेही मला दिसतं. बाबा, तुम्ही गाणं ऐकत होतात. तानपुऱ्याचा आवाज तुमच्यापासून दूर चाललाय, तो मी कधी ऐकलाच नाही. तुमचं दुःख माझ्या वाट्याला आलेलं नाही. त्याला 'काही नाही हो त्यात' असं मी म्हणणार नाही, कुणी म्हटलेलं मला आवडणारही नाही.

पण उशिरा आलेल्यालाही आमच्यात जागा असते. वॉशिंग्टनचं गॅलॉडेट विद्यापीठ १८६४ पासून कर्णबधिरांसाठी आहे, आणि सव्वाशे वर्षांत तिथे एकही बधिर अध्यक्ष झाला नव्हता. मार्च १९८८ मध्ये पुन्हा ऐकू येणाऱ्या व्यक्तीची निवड झाली तेव्हा विद्यार्थ्यांनी विद्यापीठ बंद पाडलं. आठवड्याभरात निर्णय फिरला आणि आय. किंग जॉर्डन अध्यक्ष झाले. ते जन्मापासून बहिरे नव्हते. एकविसाव्या वर्षी मोटरसायकलच्या अपघातात त्यांचं ऐकणं गेलं.

आता माझं मागणं. बाबा, यंत्र आधी घरात, शांत खोलीत, रोज थोडा वेळ घाला. भांड्यांचा, पाण्याचा आवाज सुरुवातीला टोचेल; मेंदूला सवय व्हायला काही आठवडे लागतात, तेवढ्यात कंटाळू नका. त्रास टिकला तर सेटिंग बदलून घेता येतं. मित्रांत बसाल तेव्हा खिडकीकडे पाठ करा, म्हणजे उजेड त्यांच्या चेहऱ्यांवर पडेल. आणि सुरुवातीलाच सांगा, "मला कमी ऐकू येतं, समोर बघून बोला." पहिल्यांदा घशात अडकेल. माझ्याही अडकलं होतं. आई, तू त्यांच्या वतीने उत्तरं देणं थांबव. त्यांना वेळ लागला तरी लागू दे.

मी महिनाअखेर येते आहे. रोज दहा-बारा खुणा शिकवेन, दोघांनाही. आई, तुझे हात बोलताना नाहीतरी हलतातच, तुला लवकर जमेल. बाबा, यंत्राच्या बॅटरीचा नंबर डबीवर बघून मला लिहून पाठवा, येताना घेऊन येते.

तुमची,
मनू