लूकचे २४ अध्याय

डब्लिन
२४ नोव्हेंबर २०२४, ख्रिस्तराजाचा सण

प्रिय आई, बाबा,

हे पत्र दादा मोठ्या अक्षरांत छापून आणेल आणि आई ते ओट्यावर बसून मोठ्याने वाचेल. बाबांनी "चष्मा कुठे ठेवलाय कुणास ठाऊक" असं म्हणत उठायचं नाही. बसून ऐकायचं.

आधी नको असलेली बातमी सांगून टाकते. नाताळला मी येत नाही. २४ आणि २५ दोन्ही दिवस माझी रात्रपाळी आहे. मागच्या नाताळला वॉर्डातल्या दोघींनी माझ्या पाळ्या घेतल्या म्हणून मी आले होते. दोघींची मुलं लहान आहेत. यंदा त्यांनी घरी राहायचं आणि मी उभं राहायचं, हे मी तेव्हाच कबूल केलं होतं. शिवाय डिसेंबरातलं विमानाचं भाडं तुम्हाला सांगितलं तर बाबा त्यात वाडीला किती गाड्या शेणखत येईल याचा हिशेब मांडतील. मे महिन्यात येते, चांगली महिनाभर. आंबे असतील, शाळेला सुट्टी म्हणून दादाची मुलंही घरी असतील. नाताळात आले की अर्धे दिवस लग्नांनाच जातात, तुमच्याशी बोलणं होतच नाही. हे मी स्वतःला समजावते आहे असं वाटत असेल, तर तसंही समजा.

आता दुसरी गोष्ट. ती मी तुम्हाला न विचारता केली आहे.

आपल्या पोरांनी यंदा आगमनकाळात, म्हणजे नाताळाआधीच्या तयारीच्या आठवड्यांत, वाचनाची पैज लावली आहे. मस्कतची मावसबहीण, कॅनडातली आत्याची पोरं, मेलबर्नचे ते दोघे भाऊ, आणि वसईतल्या निर्मळ, नंदाखाल, गास, भुईगावचे घरी राहिलेले. १ डिसेंबरपासून रोज बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानाचा, म्हणजे त्याने लिहिलेल्या येशूच्या चरित्राचा, एक अध्याय वाचायचा. अध्याय २४ आहेत, त्यामुळे नाताळच्या मध्यरात्रीच्या मिस्साला (चर्चमधल्या उपासनेला) निघायच्या आधी पुस्तक संपतं. रोज रात्री प्रत्येकाने आपल्याला भिडलेली एक गोष्ट आपल्या आवाजात फोनवर सांगून पाठवायची. प्रवचन चालणार नाही, एका मिनिटाच्या आत आटपायचं. लागोपाठ तीन दिवस ज्याचे चुकतील त्याने पुढच्या सुट्टीत सगळ्यांना गावठी कोंबडीचं जेवण घालायचं. मेलबर्नकर आत्ताच कोंबड्यांचे भाव विचारतायत.

यात तुमची दोघांची नावं मी घातली आहेत. एक जोडी म्हणून. आई वाचेल, बाबा ऐकतील, आणि रात्रीचं ते एक मिनिट बाबा बोलतील. जोड्यांना परवानगी आहे का, हे विचारून घेतलं. आहे.

यंदाच का, तर १ डिसेंबर नेमका रविवारी आलाय, आगमनकाळाचा पहिला रविवार. त्याच दिवसापासून चर्चमध्ये वर्षभर रविवारी लूकचं शुभवर्तमान सुरू होतंय. शेवटचा अध्याय ज्या रात्री वाचू त्याच रात्री रोममध्ये पोपसाहेब संत पेत्राच्या महामंदिराचं पवित्र द्वार उघडून जुबिलीचं पवित्र वर्ष सुरू करणार आहेत. इतकं सगळं एकत्र जुळून आलं की आपण म्हणायचं देवाची इच्छा, आणि दादा म्हणणार कॅलेंडर.

माझ्यापुरतं आणखी एक. लूक वैद्य होता, पौलाने कलस्सैकरांना लिहिलेल्या पत्रात त्याला लाडका वैद्य म्हटलंय. वाचताना मला ते जाणवतं. आजारी माणूस दिसला की हा थांबतो. वाटेत जखमी पडलेल्या परक्याला मदत करणाऱ्या चांगल्या शोमरोन्याची गोष्ट त्याच्याकडेच आहे, बाकी तीन शुभवर्तमानांत नाही. जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओतून पट्ट्या बांधल्या, उतारशाळेत नेलं, खर्चाचे पैसे दिले आणि वर म्हणाला, जास्त लागले तर परत येताना देतो. डिस्चार्जनंतरची सोय लावणारा माणूस आहे तो. तो अध्याय १० तारखेला येईल. त्यातच शेवटी येशू घरी आल्यावर राबणारी मार्था आणि त्याच्या पायाशी बसून ऐकणारी मरिया आहेत. आई, तो अध्याय वाचताना तुला राग येणार आहे. दरवर्षी येतो. "पाहुणे जेवले नसते तर मरियाला कळलं असतं" हे तुझं वाक्य मी आधीच सगळ्यांना सांगून ठेवलंय, सगळे वाट पाहतायत.

एक गोष्ट मात्र विचित्र होणार. येशूचा जन्म २ तारखेलाच वाचून होईल. मग नाताळच्या देखाव्यातल्या गोठ्याची माती कालवेपर्यंत तो बारा वर्षांचा होऊन पुन्हा घरी गेलेला असेल, आणि २३ तारखेला, घराघरात करंज्या तळल्या जात असताना, आपण क्रूसावरचं मरण वाचत असू. यावर आमच्यात बरंच भांडण झालं. काही जण म्हणाले, उलटं वाचू या. मला वाटतं सरळच बरं. आजी नाही का नाताळच्या आदल्या दिवशी दफनभूमीत मेणबत्ती लावून यायची आणि मग करंज्यांना बसायची?

वाचायला फादर दिब्रिटोंचं 'सुबोध बायबल'च घ्या. कपाटात वरच्या खणात आहे, निळ्या पिशवीत. जुलैत फादर गेले तेव्हा बाबा मला फोनवर फक्त "पाऊस फार होता" एवढंच म्हणाले होते. फादरांच्या हरित वसई या पर्यावरण चळवळीच्या मोर्च्यात तुटलेल्या चपलेची गोष्ट ज्या माणसाने आम्हाला शंभरदा सांगितली, तो त्या दिवशी दुसरं काही बोलला नाही. म्हणून तेच पुस्तक.

आई, पुढचा परिच्छेद मनात वाच. बाबांना म्हण, छपाई पुसट आलीय.

बाबांना दिसत नाहीये. ऑगस्टपासून ते चर्चमध्ये पहिल्या वाचनाला उभे राहिलेले नाहीत. तू म्हणालीस घसा बसलाय. इतके महिने कुणाचा घसा बसत नाही गं. व्हिडिओवर बोलताना ते माझ्याकडे नाही, माझ्या आवाजाकडे बघतात. तीस वर्षं मी त्यांना वेदीजवळ उभं राहून वाचताना बघत आले. मला वाचायला त्यांनीच शिवरायांच्या गोष्टी आणि बायबलमधल्या यशयाच्या पुस्तकातून शिकवलं, ओळीखाली बोट धरून. "संपला श्वास की थांब, वाक्य संपलं की नाही ते नंतर बघ." आता ते बोट कुठल्या ओळीवर आहे हे त्यांना कळत नाही, आणि ते कुणाला सांगणारही नाहीत. म्हणून ही जोडीची युक्ती. त्यांना पुस्तक धरावं लागणार नाही, आणि आवाज तर त्यांचा आहेच.

आता मोठ्याने वाच.

बाबा, तुमच्या उजव्या डोळ्याच्या ऑपरेशनची तारीख जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात घेतली आहे. दादा आणि मी मिळून ठरवलंय, पैसे भरून झालेत. तुम्हाला न विचारता केलं याचं वाईट वाटून घ्या, पण तारीख बदलू नका. मोतीबिंदू पिकू द्यायचा आणि मग काढायचा हे आजोबांच्या काळातलं झालं. आता तो जितका कडक होतो तितकं काढायला जड जातं. सुई नाही, डोळ्यात थेंब टाकून बधिर करतात, साधारण वीस मिनिटांचं काम, आणि त्याच दिवशी घरी. मी रोज अशी माणसं बघते. दुसऱ्या दिवशी पट्टी काढल्यावर बरेच जण पहिल्यांदा भिंतीचा रंग बघून बायकोवर चिडतात.

१८ तारखेला यरीहोजवळचा आंधळा येईल. लोक त्याला गप्प बस म्हणतात आणि तो आणखी मोठ्याने ओरडतो. येशू त्याला विचारतो, तुझ्यासाठी मी काय करू? त्याला काय हवंय ते उघड असूनही विचारतो. त्याच्या तोंडून यायला हवं म्हणून. बाबा, त्या रात्रीचं मिनिट तुम्ही बोलायचं आहे. तुम्हाला हवं ते बोला.

आता काही सूचना, मुकाट्याने ऐका.

ऑपरेशनच्या आधी साखर ताब्यात हवी. म्हणजे फराळातल्या करंज्या मोजून, आणि सुकेळी (सुकवलेली केळी) "हे तर फळच आहे" म्हणून नाही. रक्तदाबाची गोळी सकाळी चहाबरोबर, वाडीतून आल्यावर नाही. ऑपरेशननंतर काही दिवस डोक्यावरून अंघोळ नाही, वाकायचं नाही, ओझं उचलायचं नाही. केळीच्या लोंगराला हात लावायचा नाही. पानवेलीला पाणी गडी देईल, त्याच्याशी दादा बोललाय. थेंब महिना-दीड महिना घालायचे असतात, तक्ता करून पाठवते आहे, दादा फ्रिजवर लावेल.

आई, सकाळी भांडी-केर करायला बाई ठेवलीय. तुला ती भांडी पुन्हा घासावीशी वाटतील. घास, पण बसून. गुडघ्याला लावायचं तेल दादाबरोबर पाठवलंय. मिस्साला चालत जाऊ नका, रिक्षावाला येऊन नेईल, त्याला महिन्याचे पैसे दिलेत म्हणजे सुट्ट्यांवरून वाद नको. वाचायला पलंगाशेजारी नवा दिवा बसवतोय, उजेड पांढरा नाही, पिवळाच सांगितलाय, नाहीतर तू म्हणशील दवाखान्यात झोपल्यासारखं वाटतं.

गोव्याचं. संत फ्रान्सिस झेवियरच्या शवाच्या दर्शनाला गावातून बस जातेय हे मला कळलंय, आणि तुम्ही नावं दिलीत हेही. दहा वर्षांनी एकदा येतं, पुढच्या वेळी आपण असू की नाही, हे बाबांचं म्हणणं मला पटतं, आणि ते ऐकून रात्री मला झोप लागली नाही. पण ३ डिसेंबरला सणाच्या गर्दीत नाही. दर्शन ५ जानेवारीपर्यंत आहे. दादा तुम्हाला मधल्या वारी रेल्वेने नेईल, वसई रोडला बसायचं, करमाळीला उतरायचं, बसचे धक्के नाहीत. रांगेत टोपी, पाण्याची बाटली, आणि बिस्किटं साखरेची नकोत. त्या दिवशीचा अध्याय गाडीतच वाचा. शेजारचे ऐकतील, ऐकू देत.

१५ तारखेला उधळ्या मुलाचा अध्याय आहे, आगमनकाळाच्या तिसऱ्या, गुलाबी मेणबत्तीच्या रविवारी. बाप त्याला तो अजून दूर असतानाच बघतो आणि धावत सुटतो. बाबा, तुमच्याकडून धावायची अपेक्षा नाही. पण मे महिन्यात मी वाडीच्या फाटकातून आत येईन तेव्हा "कोण आलंय?" असं विचारायचं नाही. म्हणून ती तारीख जानेवारीची.

मला ठाऊक आहे, पत्र ऐकून बाबा उठून विहिरीकडे जातील आणि आई म्हणेल, "बाय फार मोठी झाली." नाही झाले. इथे पाऊस पडतो तेव्हा मी अजून आईची गोधडीच पायावर घेते.

पहिला अध्याय सगळ्यांत लांब आहे, ८० वचनं. रविवारी संध्याकाळी रोझरी झाली की लगेच सुरू करा, जेवण नंतर. जखऱ्या देवदूतावर विश्वास ठेवत नाही म्हणून मुका होतो, तिथे आईने बाबांकडे बघायचं नाही. तुमचे साडेआठ म्हणजे इथले तीन, मी जेवणाच्या सुट्टीत असेन. फोन चार्ज करून ठेवा, मोठ्या आवाजावर.

तुमची
बाय

ता. क. सुकेळी नको म्हणाले, ते फक्त बाबांसाठी. माझ्यासाठी दोन पुडे मस्कतच्या मावसबहिणीजवळ द्या.