उद्यमनगरातील बोअरिंगवाल्या मिस्त्रींस जाहीर आभारपत्र

आदरणीय मिस्त्री यांस,
सप्रेम नमस्कार.

माझ्या यामाहा आरएक्स १०० या जुन्या टू-स्ट्रोक मोटरसायकलचे इंजिन जोडून पूर्ण झाले असून गाडी व्यवस्थित चालते आहे, हे कळवण्यासाठी आणि आपले आभार मानण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. ते जाहीर लिहिण्याचे कारण असे, की जुन्या टू-स्ट्रोक गाड्या घरी उघडून बसणारे हौशी लोक आपल्याकडे पुष्कळ आहेत आणि आपण मला जे दाखवलेत ते त्यांच्याही उपयोगी पडेल.

पिस्टन जाम झाल्यावर ज्यांना ज्यांना विचारले, त्यांनी एकच निदान केले : ऑइल कमी पडले, ब्लॉक (म्हणजे सिलिंडर) आतून कापून मोठा, म्हणजे बोअर, करा आणि नवा पिस्टन टाका. त्या कामासाठी मी कोल्हापूरला शिवाजी उद्यमनगरात आपल्याकडे आलो, तेव्हा आपण ब्लॉककडे न पाहता आधी पिस्टन आणि त्याला रॉडशी जोडणाऱ्या पिनचे नीडल (बारीक रोलरचे) बेअरिंग मागून घेतलेत. बेअरिंग बोटावर फिरवून आपण म्हणालात, ‘‘ऑइल नसतं तर हे आधी निळं पडलं असतं. हे तर तेलानं माखलंय. पिस्टन कशानं धरला ते हुडका आधी, बोअरिंग काय पळून जात नाही.’’ हातात आलेले गिऱ्हाईक असे परत पाठवणारा कारागीर मी तरी दुसरा पाहिलेला नाही.

पिस्टनवरचे ओरखडे मुख्यतः एक्झॉस्टच्या (धूर बाहेर जाण्याच्या) बाजूला होते, प्लग पांढराफटक पडला होता आणि इंजिन तापले की रेस सोडल्यावरही त्याचा वेग लवकर उतरत नसे. या तिन्ही गोष्टी एकत्र ठेवून कुठून तरी जादा हवा आत येत असावी, हा अंदाज आपण बांधलात आणि तो तपासण्याची रीतही सांगितलीत. त्याप्रमाणे जुन्याच पिस्टनवर ब्लॉक आणि हेड परत चढवले, एक्झॉस्टचे तोंड रबर व पट्टी लावून बंद केले, कार्ब्युरेटरच्या जागी सायकलच्या ट्यूबचा व्हॉल्व्ह बसवलेली पट्टी लावली आणि पाच-सहा पीएसआयपेक्षा जास्त दाब न देता पंपाने हवा भरली. साबणाचे पाणी लावताच मॅग्नेटच्या (ठिणगीसाठी वीज तयार करणाऱ्या चाकाच्या) मागच्या सीलभोवती, म्हणजे हवा रोखणाऱ्या रबरी कड्याभोवती, बारीक बुडबुड्यांची माळ उठली. क्लचच्या बाजूचे सील गेले असते तर गिअरबॉक्समधले ऑइल ओढले जाऊन पांढरा धूर निघाला असता आणि कोणीही सांगितले असते. मॅग्नेटच्या बाजूचे सील मात्र फक्त हवा ओढते, पेट्रोल आणि हवेचे मिश्रण पातळ होते आणि पिस्टन तापून धरतो. सील तसेच ठेवून नवा पिस्टन टाकला असता तर तोही त्याच वाटेने गेला असता.

पिस्टनचे ॲल्युमिनियमचे कण क्रँकपर्यंत (पिस्टनच्या जोराने फिरणाऱ्या दांड्यापर्यंत) गेलेले असणार, म्हणून इंजिनची केस, म्हणजे खालचे कवच, उघडून दोन्ही मेन बेअरिंग बदलण्याचा आग्रह आपण धरलात. फटीत स्क्रू-ड्रायव्हर घालून केस उचकटायची नाही, ही ताकीद आणि मॅग्नेट ओढून काढण्याचे आपले हत्यार, पुलर, दोन्ही बरोबर दिलेत. केस तापवल्यावर नवे बेअरिंग हातोडी न लावता केवळ त्याच्याच वजनाने जागेवर बसते, हे स्वतः पाहिल्याखेरीज पटत नाही. क्रँक आपण दोन टोकांच्या सेंटरमध्ये धरून डायल गेजवर (बारीक फरक दाखवणाऱ्या काट्याच्या मापकावर) तपासलात. तो दोन शतांश मिलिमीटरच्या आत फिरतो आणि कनेक्टिंग रॉडला उभा खेळ नाही, हे पाहून ‘‘याला हात लावू नका’’ असे सांगितलेत. नव्या रॉड किटचा खर्च त्या एका वाक्याने वाचला.

बोअरिंगच्या वेळी तर नवा पिस्टन हातात आल्याशिवाय आपण मशीन सुरूच केले नाहीत. मूळचा बोअर ५० मिलिमीटर, त्यावर ०.५० चा पिस्टन, म्हणजे ५०.५० करून टाका, असा सरळ हिशेब कोणीही केला असता. आपण पिस्टन स्कर्टवर (त्याच्या खालच्या घेरावर), पिनच्या काटकोनात मायक्रोमीटरने मोजलात, कारण तो पूर्ण गोल नसतो आणि डब्यावरच्या आकड्याशी तंतोतंत जुळेलच असेही नाही. होनिंगनंतर (बोअर घासून शेवटचे माप आणल्यावर) प्रत्येक पोर्टची, म्हणजे सिलिंडरच्या भिंतीतल्या भोकाची, धार हाताने मोडलीत. ते राहून गेले तर रिंग पोर्टच्या काठावर अडकून तुटतात, आणि घाईच्या कामात नेमके तेच राहते.

उरलेली जोडणी घरी केली : पिस्टनवरचा बाण एक्झॉस्टकडे, रिंगांची तोंडे खोबणीतल्या खिळ्यांवर, पिन अडवणाऱ्या सर्क्लिप नव्या आणि त्या बसवताना केसच्या तोंडात स्वच्छ फडके. ऑइल पंपातली हवा काढली. तरीही पहिल्या टाकीला पेट्रोलमध्ये थोडे ऑइल मिसळलेच. सध्या गाडी रनिंगमध्ये (नवा पिस्टन मुरेपर्यंत जपून चालवण्यात) आहे, प्लग तांबूस येतो आणि रेस सोडताच इंजिन खाली उतरते.

आपला पुलर या पत्रासोबत परत पाठवीत आहे. बिलात आपण फक्त बोअरिंग आणि होनिंगची मजुरी लावलीत. क्रँक तपासल्याचे पैसे विचारले तेव्हा ‘‘नुसतं बघितलं, त्याचं काय घ्यायचं’’ म्हणून विषय संपवलात. पुलरच्या पिशवीत क्रँक तपासण्याच्या मजुरीचे पाकीट ठेवले आहे. ते परत पाठवू नये, ही विनंती.

आपला कृतज्ञ,
आरएक्सवाला गिऱ्हाईक