तो अल्बट्रॉस नव्हता, आणि त्याची चोच बांधायला नको होती

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या जिल्हा पानावर किनाऱ्यावर ‘दुर्मीळ अल्बट्रॉस’ सापडल्याची आणि तरुणांनी त्याला जीवदान दिल्याची बातमी फोटोसह आली. मी वेंगुर्ल्यात पशुवैद्य आहे. रोजचं काम गाईम्हशींचं, शेळ्यांचं, कुत्र्यांचं. पण पाऊस जोर धरतो तेव्हा वाऱ्याने ढकललेले समुद्रपक्षीही लोक दवाखान्यात आणतात. त्या अनुभवावर सांगते, फोटोतला पक्षी अल्बट्रॉस नाही. तो मास्क्ड बूबी या मोठ्या समुद्रपक्ष्याचा, अजून वयात न आलेला पक्षी आहे. आणि त्याची चोच रबरबँडने करकचून बांधली आहे. मला नावाच्या चुकीपेक्षा ते जास्त लागलं. पण या दोन चुका वेगळ्या नाहीत. पक्षी कोण हे कळलं असतं, तर चोच कुणी बांधली नसती.

बूबीच्या चोचीला बाहेरून नाकपुड्याच नसतात. उंचावरून सूर मारून समुद्रात घुसणारा हा पक्षी. पाणी आत शिरू नये म्हणून त्याच्या नाकाची भोकं बुजलेली असतात आणि तो तोंडाच्या कोपऱ्यांतून श्वास घेतो. कावळ्याची किंवा घारीची चोच धरली तरी त्यांना नाकाने श्वास घेता येतो. बूबीची चोच आवळून बांधली की त्याची हवाच तुटते. आधीच दमलेला, हाडं लागलेला पक्षी मग टोपलीत मान टाकतो आणि माणसं म्हणतात, ‘वाचवायचा खूप प्रयत्न केला.’ प्रयत्न खरोखरच केलेला असतो. म्हणून त्या तरुणांना मी दोष देत नाही. चोचीच्या कडा करवतीसारख्या असतात, हा पक्षी थेट डोळ्यांवर झेप घेतो, मग बांधावंसं वाटणारच. पण त्याऐवजी जाड टॉवेल अंगावर टाकायचा आणि डोक्यामागून मान हलकेच धरायची, एवढं पुरतं. चोच मोकळी राहू द्यावी.

अल्बट्रॉस म्हणण्यामागचं कारणही समजतं. लांब पंख, दणकट चोच, आपल्या कुरव पक्ष्याहून कितीतरी मोठा देह, पसरलेले पंख दीड मीटरहून जास्त. समुद्रावरचा मोठा पक्षी म्हटलं की तेच नाव ऐकलेलं असतं. पण हातात पक्षी असताना ओळखायला दुर्बीण लागत नाही, पाय पाहिले की निम्मं काम होतं. अल्बट्रॉसची पुढची तीन बोटं पडद्याने जोडलेली असतात आणि मागचं बोट नसल्यासारखंच असतं. बूबीची चारही बोटं एकाच पडद्यात असतात, मागचंसुद्धा. आपल्याकडच्या पाणकावळ्याचे पाय तसेच असतात, खाडीकाठच्या कुणालाही ते माहीत आहेत. आपल्या फोटोत उजवा पाय स्वच्छ दिसतो, चारही बोटांचा. शिवाय अल्बट्रॉसच्या चोचीच्या दोन्ही बाजूंना नाकाच्या छोट्या नळ्या असतात आणि ‘शिअरवॉटर’ गटातल्या समुद्रपक्ष्यांमध्ये त्या चोचीच्या वरच्या बाजूला दिसतात. या पक्ष्याच्या चोचीवर असं काहीच नाही, ती बुडापासून टोकापर्यंत सरळ, भाल्यासारखी आहे.

आता बूबी ठरला तरी कोणता, हा खरा अवघड भाग, आणि इथे पक्षिमित्रांचीही गफलत होते. पूर्ण वाढलेला मास्क्ड बूबी ओळखणं सोपं असतं: अंग पांढरंशुभ्र, पंखांची मागची कड आणि शेपटी काळी, चोचीच्या बुडाशी मुखवट्यासारखी काळी कातडी. पण वादळात आपल्याकडे कोवळा पक्षीही भरकटत येतो, आणि त्याचं डोकं आणि पाठ तपकिरी असते. ते पाहून लोक त्याला ब्राऊन बूबी ठरवून मोकळे होतात. यात फरक मानेत आहे. ब्राऊन बूबीची तपकिरी छटा डोक्यावरून मानेवर, छातीवर अखंड उतरते आणि छातीच्या खाली रेघ मारल्यासारखी थांबते. कोवळ्या मास्क्ड बूबीच्या मानेमागे पांढरी पट्टी असते, गळ्याच्या खालच्या भागापासूनच पांढरं पोट सुरू होतं आणि पंखांच्या खालच्या बाजूला पांढऱ्यात एक गडद आडवी रेघ दिसते. आपल्या बातमीतल्या मुलाने एक पंख उचलून धरला आहे, त्यामुळे ही रेघ आणि मानेमागची पांढरी पट्टी दोन्ही त्या फोटोत आहेत. नकळत त्याने सगळ्यात उपयोगी फोटो काढला आहे.

तिसरा, रेड फूटेड बूबी. नावात लाल पाय आहेत म्हणून पाय लाल नसले की लोक तो बाद करतात. लहान वयात याचे पाय लाल नसतातच. त्याचा कोवळा पक्षी अंगभर तपकिरी आणि पंखांखालीही गडद असतो, तेवढं पाहावं.

अशीच गोष्ट सुरय (इंग्रजीत टर्न) पक्ष्यांची. वेंगुर्ला रॉक्स या समोरच्या समुद्रातल्या खडकाळ बेटांवर ब्रायडल्ड टर्न अंडी घालतो, तो इथलाच. पावसाळ्यात त्याच्यासारखाच दिसणारा सूटी टर्न दमून किनाऱ्यावर पडतो. पहिल्याची पांढरी भुवई डोळ्यामागे जाते, दुसऱ्याच्या कपाळावरचा पांढरा रंग डोळ्याच्या वरच थांबतो आणि पाठ जास्त काळी असते. सूटी टर्नचा कोवळा पक्षी तर पाठीवर पांढरे ठिपके असलेला काळा दिसतो, त्याला नॉडी या दुसऱ्याच गडद सुरय पक्ष्याच्या नावाने नोंदवलेलं मी पाहिलं आहे.

हे पक्षी इथे का येतात, असा प्रश्न शाळेतली मुलं मला विचारतात. बूबी हा खुल्या समुद्राचा पक्षी. मास्क्ड बूबीच्या वसाहती हिंदी महासागरातल्या दूरच्या बेटांवर आहेत, ओमानजवळच्या हल्लानियात बेटांवरही आहेत. अरबी समुद्रावर नैऋत्य वारे सुरू झाले की खोल समुद्रात चरणारे पक्षी पूर्वेकडे ढकलले जातात. धट्टाकट्टा पक्षी मागे फिरतो. ज्याला दिवसेंदिवस खायला मिळालं नाही, तो कोकणच्या किनाऱ्यावर उतरतो. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, ट्रॉलर नांगरलेले असतात, म्हणून असा पक्षी आधी किनाऱ्यावरून जाळं ओढणाऱ्या रापणकरांच्या किंवा किनाऱ्यावर फिरणाऱ्या पोरांच्याच नजरेला पडतो. एका रापणकराने मासळीच्या टोपलीत घालून आणलेला पक्षी माझ्या टेबलावर ठेवला आणि म्हणाला, ‘मॅडम, ह्यो खंयचो पक्षी? आमी कधी बघूक नाय.’ त्याला नाव लावायची घाई नव्हती. तसं थांबणं मला वर्तमानपत्राकडूनही हवं आहे.

नाव बरोबर लागण्याचा फायदा पक्ष्यालाही होतो आणि पुढच्या अभ्यासालाही. समुद्रपक्षी आपल्याकडे कमी दिसतात, बहुतेक नोंदी अशा किनाऱ्यावर मिळालेल्या, कधी मेलेल्या पक्ष्यांच्याच असतात. अल्बट्रॉस मुख्यतः दक्षिणेकडच्या समुद्रातला पक्षी, महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर तो खरोखर आला तर ती फार मोठी गोष्ट ठरेल. उद्या कुणी जुन्या अंकांतून यादी करायला बसेल, त्याला आपली बातमी सापडेल आणि एक नसलेला पक्षी महाराष्ट्राच्या नावावर चढेल. छापलेल्या नावाची पुढे नक्कल होत जाते, त्यामागचा फोटो कुणी पाहत नाही. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचं नियतकालिक १८८६ पासून निघतं आहे, त्यात एखादी नोंद जाण्याआधी पंखापासून नखापर्यंत प्रश्न विचारले जातात. ते आपल्या बातमीदाराने करावं असं मी म्हणत नाही. फक्त, त्या दिवशी खात्री नसेल तर ‘समुद्रपक्षी, ओळख व्हायची आहे’ एवढंच छापावं. हे वाक्य वाचून कुणाचा रस कमी होणार नाही. उलट चार वाचक फोटो मोठा करून पाहतील.

पुन्हा असा पक्षी सापडला तर काय करावं, तेही सांगते. आधी अंतर ठेवून फोटो घ्या. पूर्ण पक्षी बाजूने, मानेची मागची बाजू, पंख पसरल्यावर दिसणारी खालची बाजू, दोन्ही पाय. पायात अभ्यासकांनी घातलेली कडी असेल तर तिच्यावरचा आकडा वाचता येईल असा फोटो. हातमोजे घाला, पक्ष्यांना फ्लूसारखे आजार असू शकतात. भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात, अंधारात, कोरड्या जागी ठेवा. तोंडात पाणी किंवा मासा कोंबू नका, तो श्वासनलिकेत जातो. आणि ‘समुद्राचा पक्षी आहे, समुद्रात सोडा’ असं म्हणून लाटांत ढकलू नका, थकलेला पक्षी तिथे बुडतो. घरी पाळू नका, वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ तसं करू देत नाही. वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा. पक्षी मेलेला असेल तरीही कळवा आणि फोटो काढा, त्या देहावरून ओळख पक्की होऊ शकते.

आपल्याकडे तीन विनंत्या आहेत. एक, ही दुरुस्ती मूळ बातमीच्याच पानावर छापावी, आतल्या कोपऱ्यात नको. दोन, दुरुस्तीसोबत तोच फोटो पुन्हा छापायचा असेल तर चोच बांधणं चूक होतं, हे फोटोखालीच ठळक लिहावं, नाहीतर वाचणारे हेच करायचं असतं असं समजतील. तीन, पुढच्या वर्षी मे अखेरीस, मासेमारी बंदीची बातमी येते तेव्हा, वरची माहिती छोट्या चौकटीत द्यावी. मजकूर मी लिहून देईन, आणि तपासायला समुद्रपक्ष्यांचा जाणकार मिळवून देईन.

आपली,
वेंगुर्ल्यातील एक पशुवैद्य